कंबर वाचवा, बोटेही सांभाळा : परसबागेतला छोटा पॉवर टिलर

मे महिना सरत आला की वस्तीत घरामागच्या जागेत कुदळी चालू लागतात. कोणाची दहा बाय वीस फुटांची सांदवाडी, कोणाची गुंठाभर परसबाग, तर कुठे विहारामागची मोकळी जागा. पावसाच्या आत माती भुसभुशीत झाली तर भेंडी, चवळी, वांगी, दोडका वेळेवर लागतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच घरांतून दुसरे बोलणे ऐकू येते. "कंबर धरली." "खांदा वर जात नाही." "हात रात्रभर ठणकतो." मलम चोळून, गोळी घेऊन दिवस ढकलला जातो. पुढच्या वर्षी काही घरे बागेचा नादच सोडून देतात. मग भाजी बाजारातून येते, आणि महाग म्हणून कमी येते.

आमच्या वस्तीतही असेच झाले. विहारामागची जागा पहिल्या वर्षी आम्ही हातांनीच खणली. काळी माती, उन्हाने दगडासारखी झालेली. दोन दिवसांत काम झाले, पण सगळ्यांत जास्त राबलेल्या एका मावशींना त्यानंतर तीन आठवडे धुण्याभांड्याच्या कामावर जाता आले नाही. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात तीन आठवडे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या वर्षी आम्ही छोटा पॉवर टिलर भाड्याने आणला. दोन दिवसांचे काम एका सकाळी उरकले. पण त्याच सकाळी एका मुलाची बोटे जाता जाता वाचली. हे दोन्ही अनुभव समोर ठेवून हा लेख लिहीत आहोत.

खणताना शरीरावर काय येते

कुदळ मारताना आपण कमरेतून वाकतो, कुदळ वर नेतो आणि झटक्याने खाली आणतो. ढेकूळ उलटताना कंबर बाजूला पिळली जाते. पाठीच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. ताठ उभे असताना त्यांच्यावर भार सारखा पसरतो. वाकून जोर लावला की तो चकतीच्या पुढच्या कडेवर येतो आणि मागची बाजू ताणली जाते. त्यात पीळ पडला की इजा व्हायला वेळ लागत नाही. चकती सरकून नस दाबली गेली, तर कळ कमरेतून कुल्ल्यात आणि तिथून पोटरीपर्यंत उतरते. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर घरी मलम चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

आपल्या घरांत हे काम बहुतेक वेळा त्याच बाईच्या वाट्याला येते, जी पहाटे पाणी भरते, दिवसभर मजुरी करते आणि रात्री भाकऱ्या थापते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला कुदळीच्या दहा घावांतच धाप लागते. गंमत अशी, की तिला ज्या हिरव्या भाजीची गरज आहे, तीच भाजी पिकवायला तिच्या अंगातली ताकद आधी खर्च होते. म्हणून बाग सोडायची नाही, तिच्यातले सर्वांत जड काम हलके करायचे. जड काम एकच : कडक झालेली माती पहिल्यांदा फोडणे. टिलरचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे.

हे यंत्र काय करते

दुकानात याला पॉवर टिलर, मिनी टिलर किंवा पॉवर वीडर म्हणतात. शेतात चालणारा मोठा टिलर वेगळा. परसबागेचा टिलर साधारण दोन ते सात अश्वशक्तीचा असतो. वर इंजिन, खाली आडवा दांडा आणि त्यावर वाकड्या लोखंडी पात्या. इंजिन दांडा फिरवते, पात्या माती उकरतात आणि त्याच ओढीने यंत्र पुढे सरकते. मागे जमिनीत रुतणारा एक उभा दांडा असतो. तो जमिनीत दाबला की यंत्राचा वेग कमी होतो आणि पात्या खोल जातात. उचलला की यंत्र पुढे पळते आणि वरवर खणते. एवढे समजले की अर्धे काम आले.

भाड्याने घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली, वजन. दोन अश्वशक्तीच्या आसपासचे यंत्र दोघे मिळून उचलून गल्लीतून नेऊ शकतात. सात अश्वशक्तीचे बरेच जड असते. ते गटारावरच्या फरशीवरून, पायऱ्यांवरून न्यायचे म्हणजे ज्या कमरेसाठी यंत्र आणले, तिलाच पुन्हा धोका. आधी गल्लीची रुंदी मोजा. दुसरी, मुठीवरचा क्लच. तो सोडला की पात्या लगेच थांबल्या पाहिजेत. दुकानदारासमोर चालवून पाहा. पात्या थांबत नसतील, किंवा पात्यांवरचे पत्र्याचे झाकण काढून टाकलेले असेल, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका.

कुंड्या, पोती आणि डब्यांत भाजी लावणाऱ्यांना हे यंत्र लागत नाही. शंभर-दीडशे फुटांच्या वाफ्यालाही नाही. दोघांनी चार दिवस थोडे थोडे खणले तरी तेवढे होते. दोन-चारशे फुटांपासून गुंठ्यापर्यंत, म्हणजे १,०८९ चौरस फुटांपर्यंत जागा असेल, किंवा शेजारशेजारच्या चार घरांनी मिळून आणायचे ठरवले असेल, तर मात्र ते खरेच उपयोगी पडते.

आधी जमीन चाला

वस्तीतली जमीन शेतासारखी नसते. तिच्यात काच, तारा, ब्लेड, टायरचे तुकडे, कधी इंजेक्शनच्या सुया निघतात. नळाचा पाइप पुष्कळ ठिकाणी अर्ध्या फुटावरच पुरलेला असतो, विजेची वायरही कुठे कुठे जमिनीतून गेलेली असते. म्हणून आदल्या दिवशी जाड तळाचे बूट घालून जागा चालून बघा. दाताळ्याने वरचा कचरा ओढून काढा. नळ आणि वायर कुठून गेली आहे हे जुन्या माणसांना विचारून खडूने किंवा काठ्या रोवून खूण करा. त्या खुणेपासून दोन्ही बाजूंना दोन हात जागा यंत्राला द्यायची नाही, ती खुरप्याने करायची.

हराळी आणि लव्हाळा असेल तर तोही आधी हातानेच काढा. ही तणे जमिनीतल्या मुळ्यांवर आणि गाठींवर वाढतात. टिलरच्या पात्यांनी त्यांचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा नव्याने उगवतो. आमच्याकडे पहिल्यांदा हेच झाले. यंत्राने जमीन छान दिसली आणि महिन्याभरात सगळीकडे हिरवीगार हराळी पसरली.

गटाराचे पाणी जिथे तुंबते किंवा लोक जिथे शौचाला बसतात, तिथली माती उकरू नका. अशा मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त शोषतात. रक्त कमी होण्याचे हेही एक कारण आहे. अशा जागी बाग करायचीच असेल, तर विटांचा उंच वाफा करून त्यात बाहेरून आणलेली चांगली माती भरा. आणि कोणतीही जागा असो, बागेत अनवाणी जायचे नाही.

वाफसा आल्यावरच

दगडासारख्या कोरड्या जमिनीवर टिलरच्या पात्या रुतत नाहीत. यंत्र उड्या मारत पुढे पळते आणि माणसाला ओढत नेते. चिखलात घातले तर माती पात्यांना गुंडाळते, आणि उलटलेली ढेकळे वाळून विटांसारखी होतात. दोन्हीच्या मधली स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून फुटली तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे. मुठीत गोळाच झाला नाही तर माती कोरडी आहे. उन्हाळ्यात पाणी मारायला नसेल तर पहिल्या चांगल्या पावसापर्यंत थांबा आणि मग उघडीप पाहून काम करा. मुरमाड, लाल मातीत वाफसा लवकर येतो, काळ्या मातीत उशिरा.

पहिली फेरी वरवर, दोन-तीन इंचांची. दुसरी फेरी पहिलीला आडवी, चार-पाच इंचांची. पालेभाजीला एवढी खोली पुरते. एका दमात खोल जायचा हट्ट धरला की यंत्र उसळते आणि झटका मनगटाला, खांद्याला बसतो. दुसऱ्या फेरीआधी चांगले कुजलेले शेणखत पसरून घेतले तर ते मातीत आपोआप मिसळते. वर्षातून एक-दोनदा एवढे पुरे. पुन्हा पुन्हा फिरवल्याने माती पिठासारखी होते, गांडुळे मरतात आणि पाऊस पडला की वर कडक थर बसतो.

यंत्र हातात घेताना

मुठींची उंची कमरेला येईल अशी करून घ्या. कोपर थोडे वाकलेले, पाठ सरळ, पावले आळीपाळीने. मुठी आवळून धरू नका. यंत्राला खाली दाबू नका, ढकलू नका, त्याच्या चालीने चाला. ते दिशा सोडू लागले तर जोर लावून वळवण्याऐवजी क्लच सोडा, थांबवा आणि मग वळवा. उताराच्या कडेला, भिंतीजवळचा शेवटचा हात यंत्राला देऊ नका.

सुरू करताना दोरी ओढावी लागते. तिथेच पुष्कळांचा खांदा धरतो. एक पाय पुढे रोवा, गुडघे थोडे वाकवा, दोरी घट्ट लागेपर्यंत हळू ओढा आणि मग एकच छोटा झटका द्या. दोरी हाताला गुंडाळू नका.

यंत्राची थरथर हातांत उतरते. काम झाल्यावर बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा वाटणे हे त्याचे लक्षण. रोज तासन्‌तास असे काम करणाऱ्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात आणि थंडीत बोटे पांढरी पडतात. परसबागेच्या कामात एवढे होत नाही, पण वीस मिनिटांनी हात बदलावा, म्हणजे दुसऱ्या माणसाने यंत्र धरावे. विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, तेव्हा मधल्या विश्रांतीत पाणी प्या, विडी नको.

कपड्यांबाबत आमचा आग्रह आहे. पदर, ओढणी, मफलर, लांब मोकळे केस, गळ्यातली माळ फिरत्या पात्यांजवळ नको. साडीत काम करणाऱ्या ताईंनी पदर कमरेला घट्ट खोचावा आणि निऱ्या वर घ्याव्यात. त्याहून सलवार किंवा पँट बरी. पायात बूट, चप्पल कधीच नाही. डोळ्यांना चष्मा, कारण पात्या खडे उडवतात. कानांत इअरप्लग. मुले, बकऱ्या, कोंबड्या यांना किमान वीस-पंचवीस फूट लांब ठेवा, आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा नेमा.

त्या सकाळी काय झाले

दुसरी फेरी चालू असताना जमिनीतून जुनी तार निघाली आणि पात्यांना गुंडाळली. यंत्र अडकले. पण इंजिन चालूच होते. मदतीला आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वाकला आणि त्याने तार ओढायला हात घातला. कोणीतरी ओरडले, त्याने हात मागे घेतला आणि त्याच क्षणी तार सुटून पात्या फिरल्या. सगळे दोन सेकंदांत घडले. त्या मुलाची काही चूक नव्हती. यंत्र बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे आम्हीच त्याला सांगितले नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम असा : काही अडकले की आधी इंजिन बंद. पात्या पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. स्पार्क प्लगची टोपी काढायची. आणि मग हाताने नाही, काठीने किंवा पकडीने काढायचे. इंजिन गरम असते, सायलेन्सरला हात लागला तर भाजतो. ज्या यंत्राला मागे जाण्याचा गिअर आहे, त्याच्या पात्या चालू ठेवून मागे येऊ नका. तेव्हा त्या तुमच्याच पायांकडे येत असतात.

धूर आणि पेट्रोल

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद अंगणात, दोन भिंतींच्या बोळात इंजिन चालू ठेवले तर आधी डोके दुखते, मळमळते, मग माणूस बेशुद्ध पडतो आणि जीवही जाऊ शकतो. यंत्र उघड्यावरच सुरू करा.

पेट्रोल भरण्याआधी इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. तहानलेले मूल तीच बाटली तोंडाला लावते. चुकून पोटात गेले तर उलटी काढू नका, कारण उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसांत जाते. तसेच रुग्णालयात न्या. विजेवर चालणारे टिलरही मिळतात, पण ओल्या जमिनीत जोडाच्या वायरवर ते चालवणे फार धोक्याचे आहे. त्यापेक्षा बॅटरीचा बरा.

कोणी चालवू नये

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, अंग बाहेर येण्याचा त्रास असणाऱ्या, हर्निया असणारे, कुटुंबनियोजनाचे किंवा गर्भपिशवीचे ऑपरेशन झालेल्या आणि डॉक्टरांनी अजून जड कामाला परवानगी न दिलेल्या स्त्रिया, छातीत दुखणारे, फिट येणारे, आणि अठरा वर्षांखालची मुले यांनी यंत्र धरू नये. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते, जखम कळत नाही. त्यांनी काम संपल्यावर पायांचे तळवे आरशात पाहावेत. आणि दारू प्यालेला माणूस यंत्राजवळ फिरकू द्यायचा नाही, मग तो घरातला वडीलधारा का असेना.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात किंवा पाय वर उचला. हळद, माती, पेट्रोल लावू नका. १०८ ला फोन करा. बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती बर्फाच्या पाण्यात ठेवून माणसाबरोबर न्या. बोट थेट बर्फावर ठेवू नका. मातीत झालेल्या लहान जखमेनेही धनुर्वात होऊ शकतो. घाणीची जखम असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा.

यंत्र गेल्यावरचे काम

यंत्र एका सकाळचे पाहुणे. नंतरचे तीन महिने खुरपणे, पाणी घालणे, तोडणी चालू असते, आणि ती पुन्हा वाकूनच. आम्ही पाहिले आहे, यंत्र आले की मुठी पुरुष धरतात, फोटोही निघतो, आणि खुरपे पूर्वीसारखे बाईच्याच हातात राहते. मग तिच्या कमरेला काय मिळाले? म्हणून बाग आखतानाच विचार करा. वाफे तीन-चार फुटांहून रुंद नकोत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. ओळी सरळ ठेवल्या तर लांब दांड्याचे खुरपे किंवा सायकल कोळपे उभ्यानेच चालते. रोपांभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की तण कमी उगवते आणि पाणीही कमी लागते. तोडणीला पाटावर बसा. आणि खुरपणीच्या पाळीत घरातल्या पुरुषांची आणि मोठ्या मुलांची नावे लिहा. यंत्र चालवायलाही ताईंनी शिकावे. ते ताकदीचे काम नाही, सवयीचे आहे.

विकत की भाड्याने

वर्षातून दोनदा लागणारे यंत्र एका घराने विकत घेऊ नये. भाड्याने मिळत असेल तर आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवा. बचत गटाने घ्यायचे असेल तर चालवणारी दोन माणसे नक्की करा आणि वही ठेवा : कोणी नेले, किती तास चालले, ऑइल कधी बदलले. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जातीच्या, अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान असते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. गावाकडे नावावर जमीन असेल तर हा मार्ग आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतही विहीर, पंप यांच्या जोडीला परसबागेचा घटक आहे. चालू अटी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा.

भाजी निघू लागली की ती आधी घरात खा, उरली तर विका. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगाला लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका.

मागच्या हंगामात त्याच मावशींनी स्वतः टिलर धरला. वीस मिनिटे त्या, वीस मिनिटे त्यांची सून. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी कामावर गेल्या.

लक्षात ठेवा

- आदल्या दिवशी जमीन चालून बघा. काच, तारा, नळ, वायर.
- वाफसा आल्यावरच यंत्र घाला. पहिली फेरी वरवर.
- बूट, चष्मा, खोचलेला पदर, बांधलेले केस. मुले लांब.
- वीस मिनिटांनी माणूस बदला.
- काही अडकले तर इंजिन बंद, पात्या थांबल्या, प्लगची टोपी काढली, मगच काठी घाला.
- इंजिन उघड्यावर. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नाही.
- जखम लहान असली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन विचारा.